बिंदग्यातली बिअर

ज्वारी पोटऱ्यात आली की मला बिअर आठवते. एवढं लिहून मी आजूबाजूला पाहून घेतलं, कारण आमच्या घरात असली वाक्यं मोठ्यानं वाचली जात नाहीत. पण खरं आहे ते. काल संध्याकाळी भूमहून आमच्या गावी, ईटला, मोटारसायकलवर येत होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवीगच्च ज्वारी, कणीस अजून पोटात धरून उभी. स्वेटरच्या बाह्यांतून थंडी आत शिरली आणि एकदम तो वास आला. किंचित आंबट, किंचित गोड, भिजलेल्या धान्याचा. आजूबाजूला बाटली नव्हती, माणूसही नव्हता. मी गाडी बाजूला घेतली, बांधावरचं ज्वारीचं एक ताट मोडून चावलं आणि एकटाच हसत बसलो.

तसं पाहिलं तर आयुष्यात मी बिअर पुष्कळ निवडली. त्यातली सगळ्यात मन लावून निवडलेली बिअर आमच्यापैकी एकाच्याही घशाखाली गेली नाही. आणि ती ज्या दिवशी गेली नाही, त्या दिवसाइतका मी कुठल्याच बाटलीनं खूश झालेलो नाही.

निवडीचं काम माझ्याकडे कसं आलं हे मला नीट सांगता येणार नाही. मी बँकेत नोकरीला, म्हणजे माणूस जबाबदार, एवढ्यावर माझी नेमणूक झाली असावी. आमची दहावीची तुकडी दर हिवाळ्यात हुरड्याला जमायची. जागा ठरलेली, दिलीपचं शेत. दिलीप म्हणजे वर्गात माझ्या शेजारी बसणारा, कबड्डीत कुणाला आवरत नसे असा आडवातिडवा गडी. हुरडा त्याचा, गोवऱ्यांची आगटी त्याची, तिखट-मीठ त्याच्या आईच्या हातचं. बिअर फक्त आमची. त्या बिअरवरून आमच्यात दोन तट. स्ट्राँगवाल्यांचं म्हणणं, एवढ्या लांबून यायचं आणि चढायचंच नसेल तर मग सरबत काय वाईट. माइल्डवाल्यांचं म्हणणं, हुरड्याची चव कळली पाहिजे. मी दोन्हीकडच्या शिव्या खायचो आणि शेवटी माझ्या मनाला येईल तीच घ्यायचो. थंडीत गार बिअर का प्यायची हा प्रश्न मात्र कुणी कधी विचारला नाही.

ती गार करायचं काम दिलीपचं. बाटल्या पोत्यात घालायच्या, पोत्याचं तोंड दोरानं आवळायचं आणि सकाळीच ते विहिरीत सोडून द्यायचं. दुपारी तो दोर ओढायला लागला की आम्ही सगळे काठावर जमायचो. पोतं वर येताना पाणी गाळत यायचं, आत बाटल्या एकमेकींवर आपटत, आणि दिलीपच्या दंडाच्या शिरा टरारून फुगत. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आगटीतून काढलेलं गरम कणीस तळहातावर चोळताना भाजायचं, तोंडात कोवळे दाणे फुटायचे, वरून पहिला गार घोट. ते दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. चांगलेच होते.

पुढं पुढं मात्र असं व्हायला लागलं की सगळ्या बाटल्या दिलीपच्या हातून विहिरीपर्यंत पोचायच्या नाहीत. आम्ही त्यावर विनोद करायचो. मग दिलीपचा हिवाळा उन्हाळ्यातही चालू राहिला, पावसाळ्यातही. बिअर मागं पडली, मिळेल ते सुरू झालं. सुरेखा वहिनी, म्हणजे त्याची बायको, यांनी सगळं करून पाहिलं. गावातल्या बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, दुकान बंद पाडलं, त्यात त्या सगळ्यात पुढं होत्या. दुकान बंद झालं आणि दिलीप भूमला जायला लागला. शेवटी त्या पोरं घेऊन परंड्याला माहेरी निघून गेल्या. रिकामं घर पाहून आपलं काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्यानं सोडली. उपचार घेतले, दुधाचा धंदा धरला, घराच्या मागं खव्याची भट्टी टाकली. आमच्या भागात खव्याची भट्टी काही नवलाची नाही, पण दिलीपला ती मानवली. कढईसमोर बसलं की उठता येत नाही. हात थांबला की दूध खाली लागतं. वहिनी परत आल्या. आणि एक दिवस दिलीप आमच्या फोनवरच्या ग्रुपमधून बाहेर पडला. कुणाशी भांडण नाही, काही नाही. हुरडा आम्ही दुसऱ्याच्या शेतात करायला लागलो होतो, त्याला बोलावलं तर म्हणायचा, भट्टी सोडून येता येत नाही.

माणूस दारूपासून लांब गेला की दोस्तांपासूनही त्याला लांब जावं लागतं, हे आम्हाला उशिरा कळलं. आमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात बांधलेल्या होत्या.

आता बागेविषयी सांगतो. शाळेच्या मागं आमच्या ईटची एक बाग आहे. बाग म्हणजे फार काही समजू नका. कुंपण, फाटक, चार बाकडी आणि कडुलिंबाची झाडं. पण ती झाडं आमच्या तुकडीनं लावलेली. नववीत होतो, पाऊस नव्हता, आणि आम्ही शाळेच्या हापशावरून डबे भरभरून नेऊन ती जगवली होती. दिलीप एका वेळी दोन-दोन डबे न्यायचा. दुकान बंद पडल्यावर बायकांनी ग्रामपंचायतीकडून फाटकावर पाटी लावून घेतली. बागेत दारू पिण्यास सक्त मनाई, सापडल्यास दंड आणि ग्रामसभेत नाव. दंडाचं कुणाला काही नव्हतं. ग्रामसभेत नाव वाचलं जाणं मात्र फार वाईट, कारण तिथं सासुरवाडीचे पाहुणेही येऊन बसतात.

मग एका वर्षी आमचं जमणं या बागेत ठरलं, आणि तेही येळवसला. आमच्या बाजूला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तिकडं पूर्वेला कळंबकडं होते तशी दणक्यात होत नाही. पण माझी बायको मंगल कळंबकडची. तिनं आणि तिच्यासारख्या दोन-चार सुनांनी हा सण सोबत आणला आणि गावाला लावला. शेतं असणारे शेतात जातात, नोकरीवाले बागेत. हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि अंबील. ज्वारीचं पीठ आंबट ताकात मुरवून केलेली ती पांढरी, दाटसर, लसणाची फोडणी दिलेली अंबील छोट्या घागरीत भरायची. त्या घागरीला बिंदगं म्हणतात. तोंडाला ओलं फडकं बांधायचं, डोक्यावर घ्यायचं आणि चालू लागायचं. आधी ती पिकाभोवती शिंपडायची, डहाळा बुडवून, आरोळी देत. त्या आरोळीचा अर्थ ती देणाऱ्यालाही माहीत नसतो, पण मागून येणाऱ्यांनी ओ द्यावीच लागते. मग जेवायचं. आणि त्या दिवशी कुणी वाटी पुढं केली तर नाही म्हणायचं नसतं, ओळखीचा असो वा वाटसरू.

बायका म्हणाल्या, औंदा सगळ्यांनी मिळून बागेतच करू. आम्ही हो म्हणालो आणि मग एकमेकांची तोंडं पाहत राहिलो. पाटीचं काय करायचं?

उपाय काढला विकासनं. विकास पुण्यात एका कंपनीत आहे, आमच्यातला सगळ्यात उचापती. तो म्हणाला, त्या दिवशी बागेत पन्नास बिंदगी असणार, कुणाच्या फडक्याखाली काय आहे कोण बघतंय. आपल्या एका बिंदग्यात बिअर भरायची. झालं. माझ्या निवडीपुढं आयुष्यात आला नव्हता असा प्रश्न उभा राहिला, अंबिलीसारखी दिसणारी बिअर कुठली. नेहमीची पिवळी चालणार नव्हती, वाटीत ओतताच बोभाटा झाला असता. काळपट तर नकोच. मी आठवडाभर त्याच विचारात होतो. बँकेत नोटा मोजतानाही माझ्या डोळ्यांपुढं फेस येत होता. शेवटी विकासनं पुण्यातल्या गव्हाच्या एका बिअरचं वर्णन केलं. गाळलेली नसते, गढूळ असते, रंग फिकट, वर पांढरा दाट फेस, आणि चवीला जराशी आंबट. मी फोनवरच म्हणालो, हीच. निवड इतकी बिनचूक झाली होती की मला स्वतःचा अभिमान वाटला. विकास येळवसच्या आदल्या संध्याकाळी बिअरचे डबे बर्फात घालून गावी येणार होता.

त्याच संध्याकाळी दिलीपचा फोन आला. कितीतरी दिवसांनी. आधी थंडीचं बोलला, दुधाचं बोलला. मग म्हणाला,

“उद्या मी येतोय. शेतात असतं तर आलो नसतो. बागेत हाय म्हणून येतो. तिथं पाटी हाय, तुमी बी पिणार न्हाय. मला तेवढं एक दिवस तुमच्यात नुसतं बसायचंय.”

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“सुरेखा बी येतीय,” तो म्हणाला. “तिचा तुमच्यावर इस्वास न्हाय. माझ्यावर आत्ता कुठं बसायलाय.”

फोन ठेवला आणि मला ते बिंदगं आठवलं. इतक्या मेहनतीनं शोधलेली, कुणालाही अंबील वाटेल अशी बिअर. ती दिलीपलाही अंबीलच वाटणार होती. येळवसला जवळच्या बिंदग्यातून वाटी भरून हातात देतात, कुणी विचारत नाही कुणाची म्हणून. एक वाटी, आणि त्या माणसानं कढईसमोर बसून जे कमावलं होतं ते सगळं पणाला लागणार होतं. तेही पाटीच्या आत, आमच्या भरवशावर.

मी विकासला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरं, नको. मला हायसं वाटलं. पण सकाळी बागेत पोचलो तर हा बिंदगं घेऊन हजर. आईच्या घरात पाहुण्यांसमोर डबे ठेवता येईनात म्हणून सगळे त्यात ओतून झाले होते, आता ओतून द्यायला त्याचा जीव होईना. मी म्हणालो गाडीत ठेव, तो म्हणाला सांडेल. शेवटी आम्ही ते एका लिंबाच्या बुडाशी ठेवलं आणि वर घोंगडी टाकली. दिलीपला तिकडं फिरकू द्यायचं नाही एवढंच ठरवलं.

दिलीप आला तो मोटारसायकलला दुधाची कॅन बांधून. कॅनमध्ये अंबील, त्यानं स्वतः घुसळलेल्या ताकाची, आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी. तो वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. आम्ही एकेकानं त्याला मिठी मारली. त्याच्या सदऱ्याला दुधाचा, धुराचा वास येत होता. सुरेखा वहिनी बायकांत जाऊन बसल्या, पण अशा बेतानं की आम्ही सगळे त्यांच्या नजरेत राहू. त्यांनी आमच्या हातांकडे आणि पिशव्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

तासभर सगळं छान चाललं. मग भानुदासनाना आले. नाना बागेचे राखणदार, आमच्या वडलांच्या वयाचे. हातात वाटी घेऊन प्रत्येक झाडाखालची अंबील चाखत ते आमच्यापर्यंत पोचले होते. दिलीप कॅनकडं हात नेणार तोच नानांनी घोंगडीकडं बोट दाखवलं. “ते झाकून ठिवलंय ते कुणाचं? कळंबच्या सुनंच्या हातची असंल तर तीच द्या. तिच्या अंबिलीची गावात लई तारीफ हाय.”

येळवसला नाही म्हणायचं नसतं. मी अर्धवट उठलो. विकासही उठला. पण दिलीप आमच्यापेक्षा जवळ होता आणि वाढायची सवय त्याचीच. त्यानं घोंगडी बाजूला केली, फडक्याची गाठ सोडली आणि वाकला.

तो वाकलेलाच राहिला. ती बिअर कुणालाही फसवेल अशी होती, फक्त त्याला नाही. मला त्याची पाठ दिसत होती. सदऱ्याखालून श्वास वरखाली होताना दिसत होता. पलीकडं वहिनी बोलता बोलता थांबल्या होत्या. नानांची वाटी तशीच पुढं होती. तेवढ्या वेळात दिलीपला काहीही करता आलं असतं. आमच्या अंगावर ओरडता आलं असतं. उठून निघून जाता आलं असतं. आणि वाटी त्याच्यापुढं होती, बिंदगं त्याच्या तोंडाखाली होतं, हेही खरं होतं.

त्यानं फडकं परत बांधलं नाही. त्यानं हात वर करून लिंबाचा एक डहाळा मोडला, बिंदगं उचलून डोक्यावर घेतलं आणि सरळ उभा राहिला.

“नाना, दमा जरा,” तो म्हणाला. “पयला मान झाडांचा. आमीच लावल्यात ही.”

आणि त्यानं आरोळी दिली. कबड्डीच्या मैदानावरचा तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला. डहाळा बिंदग्यात बुडवून त्यानं पहिल्या लिंबाला शिंपडलं, मग बिंदगं उतरवून, तिरकं करून बुडाशी धार धरली आणि परत डोक्यावर घेतलं. पुढचं झाड, परत आरोळी. आम्ही सगळे आपोआप त्याच्या मागं चालायला लागलो आणि ओ द्यायला लागलो. विकास सगळ्यात मागं होता. पुण्याहून बर्फात घालून आणलेली बिअर झाडाझाडाला जाताना पाहत होता, आणि तोही ओ देत होता. आधी पुटपुटत, मग मोकळ्या गळ्यानं. शेजारच्या झाडाखालचे लोक आपापली बिंदगी घेऊन आमच्यात मिसळले. बागेत कधी नव्हे ती मिरवणूक निघाली.

दिलीप सुरेखा वहिनींच्या समोरून गेला. अगदी हातभर अंतरावरून. वास त्यांना न कळणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. रंग उतरला, मग त्यांनी डोक्यावरच्या बिंदग्याकडं पाहिलं, नवऱ्याच्या ताठ मानेकडं पाहिलं, मातीत जिरत चाललेल्या फेसाकडं पाहिलं. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दिलीपच्या पुढच्या आरोळीला ओ दिली. सगळ्या बागेत त्यांचा आवाज मोठा होता.

शेवटच्या लिंबापाशी दिलीपनं बिंदगं पालथं केलं. थेंबही उरला नाही. मग हापशावर जाऊन त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, परत आला आणि आपल्या कॅनमधून नानांची वाटी काठोकाठ भरली. नानांनी एक घोट घेतला, ओल्या मातीकडं पाहिलं, अजून न फुटलेल्या दोन-चार बुडबुड्यांकडं पाहिलं.

“पयल्या बिंदग्यातलं ताक लईच आंबट हुतं वाटतं,” ते म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं निघून गेले.

त्यानंतर आम्ही दिलीपची अंबील प्यायलो. लसूण, जिरं, ज्वारीचा खमंगपणा, आणि मुरलेल्या ताकाचा तो थेट कानशिलापर्यंत जाणारा आंबटपणा. स्ट्राँग म्हणावी तर चढत नव्हती, माइल्ड म्हणावी तर डोळ्यांत पाणी आणत होती. पुन्हा दोन तट पडले. एकाचं म्हणणं मंगलची सरस, दुसऱ्याचं म्हणणं दिलीपची. वाट्यांवर वाट्या रिकाम्या झाल्या. जेवण झाल्यावर सगळे लिंबाखाली आडवे झालो, आणि दिलीप आमच्यामध्ये पाय पसरून, डोक्याखाली हात घेऊन नुसता पडून होता. त्याला जसं बसायचं होतं तसा.

निघताना वहिनी माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “भावजी, त्यो वास लई वर्सं माझ्या घरात यायचा. आज त्याला जाताना पाह्यलं.”

मी हातातलं बिंदगं मंगलकडं दिलं आणि दिलीपची कॅन मोटारसायकलला बांधू लागलो. 

लोक म्हणतात, माणूस मोहापासून लांब राहिला म्हणजे जिंकला. असेलही. मी पाहिलं ते वेगळंच होतं. मोह डोक्यावर घेऊन, बायकोच्या डोळ्यांसमोरून, गावाच्या मधोमध, ताठ चालत गेलेला माणूस मी पाहिला आहे. त्या लिंबांना पुढच्या चैत्रात अशी पालवी फुटली की विकास अजून त्याचं श्रेय घेतो.

तर आता ज्वारी परत पोटऱ्यात आली आहे. बांधावरून घरी पोचलो तेव्हा ग्रुपवर विकासचा निरोप होता, औंदा कुठली आणायची. मागं हसणारी तोंडं चिकटवलेली. खाली कुणीच काही लिहिलं नव्हतं, सगळे माझी वाट पाहत असावेत. निवडीचं खातं अजून माझ्याच नावावर आहे. मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात दिलीपचा आवाज आला. तो पुन्हा ग्रुपमध्ये आहे, आणि त्याचे हात कढईत गुंतलेले असल्यानं लिहीत नाही, बोलूनच पाठवतो. मागं दुधाचा रटरट उकळण्याचा आवाज, कढईला खुरपं घासल्याचा आवाज, आणि त्यातून तो म्हणत होता,

“तुमाला भरायचं ते भरा, मर्दांनो. बिंदगं माझ्या डोक्यावर द्या.”